खुंट आणि डोळा

गुलाबावर मराठीत आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण ते जवळजवळ सगळे फुलावर आहे, झाडावर नव्हे. कवीला गुलाबाचे काटे दिसतात, ते उपमेच्या सोयीपुरते. कथेतल्या नायिकेच्या वेणीत गुलाब असतो, नायकाच्या हातात गुलाब असतो, आणि पंडित नेहरूंच्या अचकनीवरचा गुलाब तर साऱ्या देशाला पाठ आहे. परंतु ते फूल ज्या झाडावरून तोडले त्याच्या मुळाशी कोणती माती होती, त्याची छाटणी केव्हा झाली, त्याला पाणी कोणी घातले, ही चौकशी आमच्या साहित्याने कधी केल्याचे मला आठवत नाही. साहित्याला फूल हवे असते. झाड ही माळ्याची बाब!

वाचकहो, वर्षभर मी या सदरात शब्दांची झाडाझडती घेत असतो. दिवाळी अंकासाठी संपादकांनी जागा जरा ऐसपैस दिली आहे. तेव्हा या खेपेस शब्द बाजूला ठेवून एका खऱ्याखुऱ्या झाडाची झडती घ्यावी असे मी ठरवले आहे. मुहूर्तही चांगला आहे. महाराष्ट्रात गुलाबाची मोठी छाटणी पावसाळा सरल्यावर, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास करतात.

तरी मराठीच्या प्राध्यापकाची खोड सहजासहजी जात नाही. सुरुवात शब्दापासूनच करतो. फारसीत 'गुल' म्हणजे फूल, आणि त्यातही विशेषेकरून गुलाबाचे फूल. 'आब' म्हणजे पाणी. म्हणजे 'गुलाब' हा मुळात फुलाचा नव्हे, अत्तरदाणीशेजारी ठेवलेल्या त्या सुगंधी पाण्याचा शब्द. आपण पाण्याचे नाव फुलाला देऊन टाकले. मग पाण्याला काय म्हणावे अशी पंचाईत झाली, तेव्हा 'गुलाबपाणी' हा शब्द केला. त्यात पाणी दोनदा आले, पण कोणाचे काही बिघडले नाही. गुलकंदात 'गुल' आहे आणि 'कंद' म्हणजे साखर आहे. गुलबक्षीत आणि गुलमोहरातही तोच 'गुल' आहे. आपल्या वैद्यकाच्या निघंटूंत या फुलाला 'शतपत्री' म्हटले आहे, 'तरुणी' म्हटले आहे. शंभर पाकळ्यांची ती तरुणी कोशातच म्हातारी झाली आणि फारसीचा पाहुणा घरचा होऊन बसला. त्याला बागवानांच्या भाषेत एक नेमका शब्द आहे. एका झाडाच्या खुंटावर दुसऱ्या झाडाचा डोळा भरतात. येथे एका भाषेच्या खुंटावर दुसऱ्या भाषेचा डोळा भरला गेला आणि तो फुलला.

हा खुंट आणि हा डोळा यांची ओळख मला वयाच्या चाळिशीनंतर झाली. त्याला कारण आमच्या वरणगावच्या घरामागचे एक झाड.

वरणगाव हे भुसावळहून नागपूरकडे निघालेल्या गाडीचे अगदी जवळचे स्टेशन. १९६४ साली येथे दारूगोळ्याचा सरकारी कारखाना निघाला. माझ्या वडिलांची सारी नोकरी त्या कारखान्यात गेली. दिवसभर काडतुसांच्या हिशेबात असलेला हा माणूस संध्याकाळी घरी आला की कपडे बदलण्याआधी परसात जाई आणि गुलाबाच्या एका झाडापाशी उभा राही. झाडाचे नाव 'ग्लॅडिएटर'. टपोऱ्या तांबड्या फुलांची ही जात महाराष्ट्राच्या फुलबाजारात वर्षानुवर्षे नावाजलेली आहे. रोमच्या आखाड्यात जिवावर उदार होऊन लढणाऱ्या मल्लाचे नाव एका फुलाला का द्यावे, हे मला पूर्वी कळत नसे. पण आमच्याकडचा मे महिना ज्याने पाहिला आहे, पारा ४५ अंशांच्या पलीकडे गेल्यावर दुपारी रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्याला वरणगावात जगणाऱ्या गुलाबाला हेच नाव शोभते असे वाटल्यावाचून राहणार नाही.

वडील गेले. मी त्या वेळी दुसऱ्या जिल्ह्यातल्या कॉलेजात होतो. आई घर सोडायला तयार नव्हती. तिचे गुडघे आणि गुलाबाची निगा यांचे जमण्यासारखे नव्हते. पण मोरीचे पाणी पाटाने झाडापर्यंत जात होते, एवढ्यावर ते झाड राहिले. दोन वर्षांपूर्वी मी जवळच्या कॉलेजात आलो, घरी राहू लागलो, आणि एके दिवशी परसात जाऊन पाहिले तर झाड चांगले पुरुषभर उंच, हिरवेगार, आणि त्याला घोसाघोसांनी फुले आलेली. फक्त फुले तांबडी नव्हती, गुलाबी होती. लहान, सैल पाकळ्यांची, गोड वासाची. आई रोज सकाळी त्यांतली मूठभर तोडी आणि देवाला वाही. तांबड्या गुलाबाचे काय झाले, हे तिने मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. काही प्रश्न घरात विचारायचे नसतात.

ते मी शेजारच्या आप्पांना विचारले. आप्पांचा जन्म केळीच्या आणि लिंबाच्या बागांत गेला. लिंबाच्या झाडाशी ते जितके बोलतात तितके माणसाशी बोलत नाहीत. त्यांनी झाडाभोवती एक फेरी मारली, खाली बसले आणि मला म्हणाले, "सर, आधी डोया पाहा." आमच्याकडच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो. डोळ्याला डोया म्हणतात, केळीला केय म्हणतात. मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहू लागलो. त्यांनी माझा हात धरून झाडाच्या बुंध्याकडे नेला.

आपण रोपवाटिकेतून आणतो ते गुलाबाचे झाड म्हणजे एका अंगात नांदणारी दोन झाडे असतात. खाली मूळ असते ते एका काटक, रानवट किंवा गावठी जातीचे. त्याला खुंट म्हणतात. त्या खुंटाच्या सालीला इंग्रजी 'टी' अक्षरासारखी चीर देतात, तीत हव्या त्या जातीच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे निजलेला अंकुर, बसवतात आणि वरून पट्टी बांधतात. डोळा जगला की खुंटाचा शेंडा कापून टाकतात. पुढे जे वाढते ते डोळ्याचे झाड. त्याला पोसते ते खुंटाचे मूळ. दोघांची भेट जेथे होते तेथे एक गाठ दिसते. गाठीच्या वर जे फुटेल ते आपण पैसे देऊन आणलेले; गाठीच्या खाली जे फुटेल ते खुंटाचे स्वतःचे.

आप्पांनी हाताने माती उकरली. वर्षानुवर्षांच्या धुळीखाली आणि पाटाच्या गाळाखाली ती गाठ दडली होती. हिरवेगार, फुलांनी लवलेले ते सगळे झाड गाठीच्या खालून आले होते. गाठीच्या वर काळ्या पडलेल्या तीन फांद्यांचे सांगाडे होते आणि त्यांच्या आडोशाला बोटभर जाडीची, हातभर लांबीची एक फांदी होती. तिच्यावर चार पाने, तीही पिवळी. आप्पांनी नखाने तिची साल किंचित खरवडली. आत हिरवे होते. "जित्ता आहे," ते म्हणाले.

एका देठावर पाच पाने असली तर गुलाब आपला आणि सात असली तर खुंटाचा, असा एक समज पुष्कळांच्या तोंडी असतो. मी तो कोठेसा वाचला होता आणि पाने मोजू लागलो होतो. आप्पांनी हात हलवून तो विषय निकालात काढला. "पानं नका मोजू. मूय पाहा. कुठून निंघालं ते पाहा." आणि हेच खरे आहे, पुष्कळ चांगल्या जातींनाही सात पाने येतात. खात्रीचा पुरावा एकच: फांदीचा उगम.

आता खानदेशातल्या माणसाला हे पटायला जरा जड जाते, कारण त्याची सगळी शेतीची समज केळीवर वाढलेली. केळीला बुंध्याशी पिले फुटतात. घड उतरवल्यावर मूळ झाड तोडतात आणि राखलेल्या पिलावर पुढचे पीक घेतात. त्याला पिलबाग म्हणतात. तेथे पिलू म्हणजे आईच दुसऱ्या रूपाने. मी आप्पांना तसे म्हणून पाहिले. ते म्हणाले, "केयीचं पिलू केयच असतं, सर. हे परक्याचं पोर आहे."

जर्मनीत हिल्डेसहाइम नावाच्या गावी एका जुन्या चर्चच्या भिंतीवर रानगुलाबाचा एक वेल आहे. दंतकथा त्याचे वय हजार वर्षांवर नेते. २२ मार्च १९४५ रोजी बाँबफेकीत ते चर्च कोसळले आणि वेल जळून ढिगाऱ्याखाली गेला. पण मुळे जिवंत होती. ढिगाऱ्यातून नवे कोंब वर आले आणि पुढच्या वर्षी, १९४६ मध्ये, त्याला फुले आली. ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा मला वाटले की आपल्या झाडाचेही असेच आहे. मुळे जगली, म्हणजे झाड जगले. पण हिल्डेसहाइमचा गुलाब स्वतःच्या मुळावर उभा होता. तेथे मुळातून आला तो तोच गुलाब होता. आमच्याकडे मुळातून आला तो दुसराच. कलमी झाड जगले की मेले, हे नुसत्या हिरवेपणावरून ठरत नाही. त्यातले कोण जगले, हे विचारावे लागते.

मग हा दुसरा कोण, याचीही चौकशी मी केली. ज्याच्या घरात आपण इतकी वर्षे जेवलो त्याचे नाव तरी ठाऊक असावे. रंग, वास आणि वर्षभर अधूनमधून येणारा बहर पाहून आप्पांनी त्याला 'एडवर्ड' ठरवले. खुंट म्हणून भारतात जे गुलाब वापरतात त्यांत एडवर्ड हा एक जुना आहे. त्याचा इतिहास मी चाळला आणि थक्क झालो. हिंदी महासागरात पूर्वी ज्याला बूर्बों म्हणत ते एक बेट आहे; आज त्याला रेयुनियन म्हणतात. तेथील मळेवाले शेताच्या कुंपणाला दोन तऱ्हेचे गुलाब लावीत. एक चीनकडून आलेला, पुनःपुन्हा फुलणारा. दुसरा दमास्क जातीचा, सुगंधी. कुंपणात कोणाच्याही नकळत त्यांचा संकर झाला आणि १८१७ च्या सुमारास, दोघांसारखे आणि दोघांहून वेगळे असे एक झाड तेथे लोकांच्या नजरेस आले. फ्रेंच मळेवाल्याच्या एदुआर या नावावरून त्याला नाव मिळाले. त्याचे बी फ्रान्सला गेले आणि त्यातून युरोपात गुलाबांचे एक सबंध घराणे निघाले. आपल्याकडे येता येता एदुआरचा एडवर्ड झाला, आणि ज्याच्या पोटी घराणे जन्मले तो येथे दुसऱ्यांच्या डोळ्यांना पाठीवर घेऊन उभा राहू लागला. आमच्या परसात त्याने संधी साधली आणि ग्लॅडिएटरला चीत केले, एवढेच!

प्रश्न आता बागकामाचा राहिला नव्हता. वडिलांचा तांबडा गुलाब वाचवायचा तर त्याच्या अन्नात वाटेकरी झालेले हे गुलाबी रान काढले पाहिजे. आणि ते काढायचे तर आईच्या देवावरची फुले काढली पाहिजेत. मी दोन दिवस तिच्याशी बोलण्याचा मोका शोधत होतो. शेवटी जेवायला बसलो असता सांगितले. ती भाकरी थापता थापता ऐकत राहिली. मग म्हणाली, "काप रे भाऊ. पन मंग देवाले मी काय वाहू?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आप्पांजवळ होते. ते म्हणाले की खुंटाचा स्वभाव आपण विसरतो. ज्याला खुंट म्हणून निवडतात त्याला मुळे फार सहज फुटतात, म्हणून तर निवडतात. त्याला काढा, पण फेकू नका. त्याला त्याची जागा द्या.

गेल्या वर्षीचा दसरा झाला आणि आम्ही कामाला लागलो. मला हे काम अगदीच नवे होते, म्हणून ज्यांना ते नवे असेल अशा वाचकांसाठी काय केले ते क्रमाने सांगतो.

पहिल्याने मेलेले लाकूड काढले. फांदी कापून पाहावी. आतला गाभा तपकिरी दिसला तर आणखी खाली कापावे. पांढरा-हिरवट गाभा लागला की थांबावे. गुलाबाची फांदी शेंड्याकडून मरत खाली येते आणि आपण कापायचा आळस केला तर ते मरण गाठीपर्यंत पोचते. कात्री धारदार हवी. माळी तिला सिकेटर म्हणतात. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर घ्यायचा आणि तिरका घ्यायचा, म्हणजे पाणी त्यावर साचत नाही. त्या एकुलत्या फांदीवर आम्ही तीनच डोळे राखले. हातभर फांदीची वीतभर झाली. कापताना माझा हात अडखळत होता. आप्पा म्हणाले, थोडे राखले तरच जोरात फुटेल.

कापांना मलम लावले ते बोर्डोचे. शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चुना आणि एक लिटर पाणी. भांडे प्लास्टिकचे घ्यावे, धातूचे नको. याही औषधाची जन्मकथा मजेदार आहे. फ्रान्समध्ये बोर्डो भागातले द्राक्षबागवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडीत, ते रोगासाठी नव्हे, तर वाटसरूंनी निळी द्राक्षे पाहून विषाच्या भयाने हात आखडावा म्हणून. मियार्दे नावाच्या शास्त्रज्ञाच्या ध्यानात आले की नेमक्या त्याच वेलींना केवडा रोग झालेला नाही. १८८५ मध्ये त्याने तो उपाय जगापुढे मांडला. वाटसरूंच्या चोरीच्या सवयीने शास्त्रावर केवढे उपकार केले आहेत!

नंतर माती. आमची काळी जमीन कापसाला आणि केळीला आई, पण गुलाबाला सावत्र आई. पावसाळ्यात ती पाणी धरून बसते आणि मुळांचा श्वास कोंडतो. उन्हाळ्यात ती तडकते आणि मुळे तोडते. आम्ही बुंध्याभोवतीची माती बेताने मोकळी केली, गाठ उघडी केली, दोन पाट्या कुजलेले शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड मिसळली, आळे आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडे उंच केले आणि मोरीचा पाट दुसरीकडे वळवला. पाने पिवळी होती, पण शिरा हिरव्या होत्या; चुनखडीच्या जमिनीत झाडाला लोह मिळेनासे झाले की असे दिसते. त्यासाठी थोडा हिराकस दिला. छाटणीच्या आधी काही दिवस मुळे उघडी टाकून, पाणी तोडून गुलाबाला विश्रांती देण्याची रीत आपल्याकडे आहे. लिंबाच्या आणि डाळिंबाच्या बागेला बहरासाठी ताण देतात, तसलाच हा प्रकार. आप्पांनी तेवढे मात्र करू दिले नाही. "आजाऱ्याले उपास नको," म्हणाले.

राहिला खुंट. तो आम्ही एका दिवसात काढला नाही. तांबड्या फांदीला पाने अवघी चार, तीही छाटणीत गेलेली; मुळांना अन्न पुरवीत होती ती खुंटाचीच पाने. सगळी एकदम काढली तर ज्या मुळांवर आमची सारी भिस्त, तीच उपाशी पडतील. म्हणून पहिल्या खेपेस निम्मे फुटवे काढले. तेही जमिनीलगत कापून नव्हे, कारण तसे कापले की एकाचे चार होतात. प्रत्येकाचा उगम उकरून तेथून तो खाली ओढून सोलून काढायचा. काढलेल्या फुटव्यांच्या शिसपेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब अशा आठ कांड्या केल्या आणि सावलीत, दोन तृतीयांश मातीत जातील अशा लावल्या.

पुढचा महिना मी कॉलेजातून आलो की, कपडे बदलण्याआधी, परसात जात असे. तीन डोळ्यांपैकी एक काळा पडला. दोन फुगले, तांबूस झाले, आणि त्यांतून कोवळी, तपकिरी झाक असलेली पाने उलगडली. नोव्हेंबर संपत आला तेव्हा दोन फांद्या हातभर झाल्या होत्या. आता उरलेला खुंट काढायचा होता. आणि तो तर कळ्यांनी भरला होता. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तो आईने सगळ्या कळ्या, उमललेल्या आणि न उमललेल्या, तोडून तबकात घेतल्या होत्या. पूजा आटोपून ती बाहेर आली आणि म्हणाली, "आता काप."

त्यानंतर तीन-चार महिने देवाला कण्हेर आली, झेंडू आला. आप्पांच्या घरून रोज परडी येई. गुलाबी फूल घरात नव्हते.

तांबडे फूल डिसेंबरच्या अखेरीस आले. छाटणीपासून फुलापर्यंत दीड-दोन महिने लागतात असे म्हणतात. आमच्या रोग्याला थोडे अधिक लागले. एकच फूल. आई काठी टेकत परसात आली, झाडापाशी थांबली. तिने हात पुढे केला. मग मागे घेतला. वडिलांना त्या झाडावरचे फूल तोडलेले चालत नसे. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी तं हा रंग इसरली व्हती." एवढे बोलून ती घरात गेली. फूल झाडावर पाच दिवस राहिले.

आठ कांड्यांपैकी पाच जगल्या. मार्चमध्ये त्यांतल्या एकीला फूल आले आणि ते देवावर गेले. आता कुंपणाच्या भिंतीलगत स्वतःच्या मुळावर उभा असलेला एडवर्ड आहे, कोणाचा डोळा न वाहणारा. एक रोप आप्पांकडे गेले. मे महिन्यात मी तांबड्या झाडाच्या आळ्यात केळीच्या वाळलेल्या पानांचा जाड थर घातला, दुपारच्या उन्हाला आईची एक जुनी साडी बांधली आणि रोज संध्याकाळी पाणी घातले. एडवर्डला यांतले काहीच केले नाही. तो मजेत होता.

वर्गात मी जी मराठी शिकवतो ती छापील मराठी. घरी आई बोलते ती दुसरी. विद्यार्थ्यांच्या वह्यांत मी 'डोया'चा 'डोळा' करतो, आणि तो करायलाच हवा. ते माझे काम आहे. पण या झाडापाशी बसल्यापासून लाल पेन हातात घेताना मला गाठ कोठे आहे ते आठवते. येथून जवळच, आसोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी ओठावरच राहिली असती. १९५१ मध्ये त्या गेल्या, आणि १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आल्यावर महाराष्ट्राला कळले की ज्याला आपण खुंट समजत होतो त्याला स्वतःची फुले आहेत, आणि त्यांना वास आहे. पुस्तकी भाषेचा डोळा भरलेला असावा, चांगला फुलावा. त्यासाठी खालचे फुटवे आवरावेही लागतात. पण ते आवरताना फेकून न देता भिंतीकडेची एक ओळ त्यांना द्यावी, एवढे मी आप्पांकडून शिकलो. परीक्षेत त्याला गुण नाहीत.

हा लेख आपल्या हाती पडेल तेव्हा आमच्याकडे यंदाची छाटणी चालू असेल. तांबड्याला आता पाच फांद्या आहेत. त्यांतली एक शेंड्याकडून काळी पडू लागली आहे, ती आधी काढायची आहे. पुढचा उन्हाळा तो काढील की नाही, हे मी सांगू शकत नाही. गाठीखालून दोन नवे गुलाबी कोंबही डोके वर काढून बसले आहेत. खुंट आपला स्वभाव सोडत नाही, आणि त्याने तो का सोडावा?

आपल्याही घरामागे, गच्चीवर, जिन्याखाली कोणीतरी हौसेने आणलेली आणि मग विसरलेली एखादी कुंडी असेलच. फराळाची गडबड आटोपली की एवढे करा: वाळलेल्या फांदीची साल नखाने जरा खरवडून पाहा. आत हिरवे दिसले तर कात्रीला धार लावा. पण कात्री चालवण्याआधी हाताने माती बाजूला सारा आणि गाठ कोठे आहे ते शोधा.